‘ठीक आहे’ म्हणण्यापूर्वी

नेरूळचे एक सत्तरीचे गृहस्थ घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार, म्हणजे आपल्या बोलीतला ‘शेक’, घेत होते. आठवड्याचे पाच दिवस, एकूण सात आठवडे. साप्ताहिक तपासणीत त्यांचे उत्तर ठरलेले असे: ‘ठीक आहे.’ शेक संपल्यानंतर दहाव्या दिवशी सून त्यांना माझ्याकडे घेऊन आली. वजन सहा किलोने घटले होते आणि पाण्याचा घोटही उतरत नव्हता.

“काका, आधी का नाही सांगितलंत?”

“शेक संपला ना, डॉक्टर. वाटलं, आता कमी होईल.”

हा समज अनेकांचा असतो. तोंड येणे, गिळताना दुखणे, त्वचा काळवंडणे, थकवा हे त्रास साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात आणि शेवटच्या शेकानंतरही आठवडा-दोन आठवडे वाढू शकतात. नेमक्या त्याच काळात दर आठवड्याची तपासणी थांबलेली असते. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये किंवा परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेऊन दूरच्या गावी परतणाऱ्यांना तर ही पोकळी अधिकच जाणवते.

दुष्परिणाम नोंदवणारी मोबाइल अ‍ॅप्स येथे उपयोगी पडू शकतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातील ७६६ रुग्णांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ते रुग्ण केमोथेरपीचे होते, तरी त्यातील बोध आपल्या कामाचा आहे. संगणकावरून लक्षणे नियमित कळवणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण ३१ महिन्यांहून अधिक जगले. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत हाच काळ २६ महिने होता. तेथे त्रास वाढल्याची नोंद होताच परिचारिकेला सूचना जात असे. नोंद कोणीतरी वाचत होते, हे महत्त्वाचे.

म्हणून अ‍ॅप घेण्यापूर्वी रुग्णालयात विचारावे: “या नोंदी कोण पाहणार?” कोणीच पाहणार नसेल, तर साधी वहीही तितकीच चांगली. तीत रोज लिहावे: वेदना शून्य ते दहापैकी किती, काय गिळता आले, पाणी किती प्यायले, ताप किती, त्वचा कशी आहे. वजन आठवड्यातून दोनदा, एकाच काट्यावर करावे. पोटाच्या खालच्या भागाला शेक असेल, तर जुलाब आणि लघवीची जळजळही नोंदवावी. शेवटच्या शेकानंतर किमान महिनाभर ही वही बंद करू नये.

पाणी गिळता न येणे, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, रक्तस्राव, लघवी फार कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधावा. श्वास घेण्यास त्रास होत असेल, तर तत्काळ आपत्कालीन विभाग गाठावा.

आमच्या काकांना नळीने आहार द्यावा लागला. हळूहळू ते सावरले. आता सून वही घेऊन येते आणि काकांनी ‘ठीक आहे’ म्हणण्याआधी ती माझ्यापुढे उघडते.