शृंगारकथा कोणाच्या नावावर?



अ‍ॅमस्टेलव्हीनच्या एका वाचक भगिनीने आम्हाला एक प्रश्न पाठवला आहे. नोकरी आयटीतली, लेखन रात्रीचे, आणि लेखन म्हणजे मराठीतून शृंगारकथा. प्रकाशक मिळेल अशी आशा त्यांना नाही, म्हणून ई-पुस्तक स्वतःच काढायचे ठरवले आहे. टोपणनाव घ्यावे की नाही, एवढेच त्यांना विचारायचे आहे.

तांत्रिक भाग हल्ली सोपा आहे. २०१६च्या अखेरीपासून किंडलवर मराठी पुस्तके मिळतात आणि लेखकाला स्वतःचे पुस्तक तिथे चढवता येते. मुखपृष्ठ जरा भडक झाले तर पुस्तक शोधात सापडेनासे होते, तेवढे सांभाळावे. नेदरलँड्सच्या कायद्याची भीती बाळगायचे कारण नाही. यान वोल्कर्स यांची 'तुर्क्स फ्राउट' ही कादंबरी १९६९ साली आली, गाजली, १९७३ साली तिच्यावर चित्रपट निघाला आणि डच प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला.

पण मराठी पुस्तकाचा वाचक प्रामुख्याने महाराष्ट्रात आहे, आणि भारतीय ग्राहकाला विकलेले पुस्तक भारतीय कायद्याच्या कक्षेत येते. १ जुलै २०२४ रोजी दंड संहितेचे जुने कलम २९२ गेले आणि न्याय संहितेचे कलम २९४ आले. त्यात इलेक्ट्रॉनिक मजकुराचा स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ आहेच. पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साहित्य आणि कलेसाठी अपवाद आहे, न्यायालयेही पूर्वीपेक्षा उदार झाली आहेत (अविक सरकार खटला, २०१४). तरीही अपवाद सिद्ध करायला आधी कोर्टाची पायरी चढावी लागते.

ती चढणे म्हणजे काय, हे चंद्रकांत काकोडकरांना विचारायला हवे होते. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' छापून आली. पुण्यात तक्रार झाली, खटला उभा राहिला, आणि शिक्षा झाली ती पंचवीस रुपये दंडाची. पंचवीस रुपये भरून मोकळे होता आले असते. काकोडकर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ऑगस्ट १९६९ मध्ये निर्दोष सुटले. लैंगिक विषयाला नुसता स्पर्श केला म्हणून लेखन अश्लील ठरवले तर धार्मिक ग्रंथांखेरीज काही विकताच येणार नाही, अशा आशयाचे त्या निकालात म्हटले आहे. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट आला. आपल्या आईवडिलांनी तो थिएटरात जाऊन पाहिला असेल. 'श्यामा' मात्र घरात कोणी उघड ठेवली असेल असे वाटत नाही.

काकोडकरांच्या त्या खटल्यात मुद्रक-प्रकाशकही आरोपी होता. स्वयंप्रकाशनात हा सोबती गळतो. लेखक, प्रकाशक, विक्रेता सगळे तुम्हीच, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातही तुम्ही एकटेच. स्वातंत्र्य मिळते ते असे.

मराठीत हे काकोडकरांच्याही आधी अनुभवले ते र. धों. कर्वे यांनी. ते कथाकार नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. १९२५ साली संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' त्यांनी जवळजवळ एकहाती चालवले. १९३१ साली शंभर रुपये दंड झाला. पुढे वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली म्हणून पुन्हा खटला झाला. १९३४ साली त्यात कर्व्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दंड दोनशे रुपये. पण ते उभे राहिले, ही गोष्ट आम्हाला निकालापेक्षा मोठी वाटते. ज्या सुधारकांनी कर्व्यांचे खाजगीत कौतुक केले, त्यातले किती जण कोर्टात आले?

आणि आपण? मंडळाच्या कार्यक्रमात एखाद्या काकांनी रामजोशींची लावणी ठसक्यात म्हटली की टाळ्या पडतात. हाल सातवाहनाची गाथासप्तशती आपलीच, हेही आपण अभिमानाने सांगतो. तिच्यातल्या कितीतरी गाथा स्त्रीच्या तोंडी आहेत, हे मात्र सांगताना घाई करतो. आणि पुढच्या रांगेत बसणाऱ्या बाईने स्वतःच्या इच्छेबद्दल, आजच्या मराठीत, गद्यात लिहिले तर? तिच्या नवऱ्याकडे लोक कसे पाहतील, मुलीच्या मैत्रिणींच्या आया काय म्हणतील, हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. त्या भगिनींना धाक पोलिसांचा नाही, आपला आहे.

म्हणून आमचे उत्तर: टोपणनाव खुशाल घ्यावे. त्यात भ्याडपणा नाही. मात्र ते वाचकांपुरतेच झाकते, हे ध्यानात असू द्यावे. मानधनाच्या खात्यावर, कराच्या कागदांवर खरे नावच लागते, आणि तक्रार झाली तर तपास तिथवर पोचू शकतो.

हे म्हणजे वाटेल त्या लेखनाची तरफदारी नव्हे. पिवळ्या पुस्तकांचा आमचा आक्षेप त्यातल्या उघडेपणाला कधीच नव्हता. बाईचा नकार हा होकाराचाच एक प्रकार म्हणून रंगवायचा, ही त्यांची खोड होती, आणि ती काही नामवंत कादंबऱ्यांतही सापडते. यावर बोलायला पुस्तक आधी वाचावे लागते. न वाचता गप्प बसणे ही सभ्यता नाही, ती सोयिस्कर पळवाट आहे.

ताई, पुस्तक निघाले की आम्हाला कळवा, हव्या त्या नावाने. आम्ही ते विकत घेऊ आणि एरवीच्या पुस्तकांसारखेच त्याचे परीक्षण छापू, आवडले नाही तरी. परीक्षण लिहिणाऱ्याचे नाव खरे असेल.

आपले,
संपादक मंडळ