एका काट्याने कोठार कळत नाही

मुंबईचे उष्णतामान वृत्तपत्रांत दोन ठिकाणचे छापून येते. एक कुलाब्याचे व दुसरे सांताक्रूझचे. १९६२ च्या जानेवारीत सांताक्रूझ येथे पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. कुलाब्यास त्या महिन्यात तो ११.७ च्या खाली गेला नाही. शहर एकच, परंतु अंतर चार अंशांहून अधिक! शीतगृहात माल ठेवणाऱ्या शेतकरी बंधूंनी ह्यावरून बोध घ्यावा, असे आम्हांस वाटते.

शीतगृहाच्या दाराशी एक काटा असतो. तो तेरा अंश दाखवितो, म्हणून आत सर्वत्र तेराच अंश आहेत असे आपण धरून चालतो. वस्तुतः पंख्यापुढील जागा अधिक थंड, दाराजवळची व छताखालची अधिक उष्ण, आणि दाटीने रचलेल्या थप्पीच्या पोटात तर वारा पोहोचतच नाही. हापूस आंब्यास सुमारे १३ अंशांखाली थंडी बाधते. साल काळवंडते व फळ नीट पिकत नाही. वेफर्सकरिता राखलेला बटाटा फार गारठला तर त्यात साखर वाढते आणि तळताच काप काळे पडतात. मग ‘तुम्ही मालच वाईट आणलात’ हे उत्तर ठरलेले. हाती पुरावा नसल्याने शेतकरी निरुत्तर होतो.

लसी साठविणारे ह्या बाबतीत अधिक सावध असतात. बहुतेक लसी २ ते ८ अंशांत राहिल्या पाहिजेत. म्हणून कोपरे, दार, छत, जमीन, पंख्यासमोरील जागा अशा अनेक ठिकाणी लहान नोंदयंत्रे ठेवून ते काही अहोरात्र उष्णतामान टिपतात. कोठी रिकामी असता एकदा व भरल्यावर पुन्हा, उन्हाळ्यात तसेच हिवाळ्यातही. त्यावरून कोठीचा नकाशा तयार होतो, आणि सर्वांत उष्ण व सर्वांत थंड जागी रोजचे काटे लावले जातात.

खर्चाची सबब कोणी पुढे करील. परंतु प्रत्येकाने यंत्रे घ्यावीत असे आमचे म्हणणे नाही. संघाने एक संच घेऊन सभासदांचा माल जेथे जातो त्या कोठ्यांतून तो फिरवावा, व तयार झालेला नकाशा भाडेकरारास जोडावा.

एका वाफ्याची कापणी पाहून कोणी गावाची पैसेवारी ठरवीत नाही. मग वर्षाच्या कमाईचा निवाडा एका काट्यावर का सोडावा? भाडे ठरविण्यापूर्वी नकाशा मागावा. आणि जो मालक मोजणीसच नाखूष असेल, त्याच्या दारी गाडी उभी करू नये, हेच आमचे सांगणे आहे.