नानाकाकांचा बकनीअर

गेल्या महिन्यात अलिबागच्या घराचं वायरिंग बदलायला काढलं. वायरमनने माळ्यावरून एक लांबट खोका खाली दिला आणि विचारलं, "ताई, हे टाकायचं का?" खोक्याला सुतळी बांधलेली होती. ती गाठ बघूनच मी ओळखलं. अशी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारायचा, आमचे नानाकाका. ते बोटीवर होते.

आत अर्थातच बकनीअर. आमच्या पिढीतल्या भावंडांना हे वाचून लगेच आठवेल, बाकीच्यांसाठी थोडं सांगते. वॅडिंग्टन्स नावाच्या इंग्लंडमधल्या लीड्सच्या कंपनीने 1938 साली हा खेळ काढला. (इंग्लंडात मोनॉपॉली छापणारे तेच. दुसऱ्या महायुद्धात याच मंडळींनी रेशमावर नकाशे छापले, शत्रूच्या मुलखातून निसटणाऱ्या सैनिकांसाठी.) पट गुंडाळून ठेवायचा. त्यावर चौकटीचौकटींचा समुद्र, मधोमध खजिन्याचं बेट, कडेला बंदरं. आपलं एक गलबत. बेटावरून हिरे, माणकं, सोन्याच्या विटा, मोती, रमची पिंपं उचलायची आणि आपल्या बंदरात आणून टाकायची. हिरा आणि माणिक पाच गुणांचं, सोनं चार, मोती तीन, रम दोन. गलबतावर एका वेळी दोनच नग मावतात. बंदरात वीस गुण जमले की जिंकलात. बकनीअर हे कॅरिबियनचे चाचे आणि बंदरं मात्र लंडन, जिनोआ, व्हेनिस! भूगोलाशी त्यांचं काही देणंघेणं नसावं.

आमच्या आजोबांना हा खेळ मुळीच आवडला नव्हता. चाचेगिरी शिकवता काय पोरांना, असं त्यांनी काकांना सुनावलं होतं. कारण साधं होतं. किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर कुलाबा किल्ला. इंग्रज कान्होजी आंग्र्यांना चाचा म्हणत आणि 1721 साली पोर्तुगीजांना बरोबर घेऊन ह्याच कुलाब्यावर चालून आले, हात हलवत परत गेले. त्याच इंग्रजांच्या घरी चाचे म्हणजे रविवारच्या दुपारची करमणूक! आजोबांचं म्हणणं मला तेव्हा कळलं नाही, आता पूर्ण पटतं. काकांनी त्यावर तोड काढली. पेन्सिलीने बंदरांची नावं बदलली. व्हेनिसचं झालं कुलाबा, कादिझचं विजयदुर्ग. ती अक्षरं पटावर अजून आहेत. कुलाबा कायम दादाचा, हे वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्यावर येते. ह्या खेळात फासे नाहीत. तुमच्या हातात खलाशांची पानं असतात, काही लाल, काही काळी, एक ते तीन किमतीची. सगळ्यांची बेरीज जितकी, तितकी घरं गलबत जास्तीत जास्त जाऊ शकतं. आम्ही लढाईलाही तीच बेरीज धरायचो. ज्याची बेरीज मोठी तो दुसऱ्याला लुटणार. म्हणजे ज्याच्याकडे जास्त खलाशी तो वेगानेही पुढे आणि मारामारीतही पुढे. आणि एकदा लुटलं की तो आणखी मोठा. तो मोठा म्हणजे दर वेळी दादा. मी सहा वर्षांची, तो अकरा. 1970 च्या मे महिन्यात एकदा त्याने माझी दोन्ही माणकं बंदराच्या तोंडाशी लुटली, मी पट उधळला, आणि काकांनी एक शब्द न बोलता सगळं खोक्यात भरून सुतळी बांधली. तो खोका पुन्हा उघडलाच नाही. दादा लबाड आहे हे मात्र माझ्या डोक्यात पक्कं झालं. पुढे घराच्या वाटणीच्या वेळी ते मला किती उपयोगी पडलं ते नातेवाईक जाणतात. असो.

परवा मी पहिल्यांदाच त्यातला नियमांचा कागद वाचला. लढाईची ताकद म्हणजे बेरीज नव्हेच! लाल आणि काळ्यातली वजाबाकी. समजा माझ्याकडे काळे तीन आणि एक, लाल तीन आणि दोन. बेरीज नऊ, म्हणजे गलबत नऊ घरं पळेल. पण ताकद? पाच वजा चार, एक. समोरच्याकडे काळे दोन आणि एक असे दोनच खलाशी असले तरी त्याची ताकद तीन. तो मला लुटणार. थोडक्यात, नुसती भरती करून भागत नाही, एका रंगाची माणसं जमवावी लागतात, आणि ती जमवताना वेग कमी होतो. किती सुंदर आहे हे! लहान, हळू गलबतालाही इथे दबा धरून बसता येतं.

आणि त्याच परिच्छेदाशेजारी समासात काकांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय : "वजाबाकी नको. धाकटीला येत नाही."

बराच वेळ मी तो कागद घेऊन माळ्याच्या शिडीवरच बसले होते.

काकांनी मायेनेच केलं, पण चुकलं त्यांचं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांसाठी खेळ सोपा करताना आपण बहुतेक वेळा नेमकी तीच गोष्ट काढून टाकतो जिच्या जोरावर धाकटा जिंकू शकला असता. त्यापेक्षा मला दोन दिवस बसवून वजाबाकी शिकवली असती तर? नातवंडांना "तू लहान आहेस, तुला दोन चाली जास्त" म्हणणाऱ्या आजीआजोबांनीही जरा विचार करावा. मीही त्यातलीच आहे.

एका संग्राहकाने फोटो बघून बरी किंमत देऊ केली, अट एकच, आता खेळू नका, कडा फाटतील. त्यांना नाही कळवलंय. एक गलबत हरवलंय, तिथे कोटाचं बटण चालतं.

रात्री दादाला फोन केला. चार वर्षांत पहिल्यांदा. समासातलं वाक्य वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी तेव्हा खरा जिंकलोच नव्हतो की." गणपतीला येतो म्हणालाय. कुलाबा मात्र सोडणार नाही म्हणे.