लोणच्याची बरणी आणि मक्तेदारांची ‘समान संधी’

लोणची, चटण्या, पाव, मोहरीचे व भुईमुगाचे तेल हे जिन्नस लघुउद्योगांसाठी राखीव असलेल्या यादीत अखेरपर्यंत टिकून होते. 1967 साली 47 वस्तूंनी सुरू झालेली ही यादी पुढे वाढली, उदारीकरणाच्या काळात एकसारखी कातरली गेली आणि एप्रिल 2015 मध्ये केंद्र सरकारने उरलेल्या 20 वस्तूही तीतून काढून टाकल्या. कारण देण्यात आले स्पर्धेचे! जाहिरातीवर कोट्यवधी उधळणारी कंपनी आणि चार बरण्यांवर संसार चालवणारे कुटुंब यांना एकाच आखाड्यात उतरवायचे, आणि त्याला समान संधी म्हणायचे, हा भांडवलशाहीचा जुनाच न्याय आहे.

कराची कथा याहून बोलकी आहे. पीठ, डाळी, तांदूळ यांवरील वस्तू व सेवा कर पूर्वी मुख्यतः नाममुद्रेच्या मालापुरता होता. 18 जुलै 2022 पासून लेबल लावून बंद केलेल्या सर्वच पिशव्यांवर तो 5 टक्के लागू झाला. नाममुद्रेच्या जोरावर चढा दर घेणारा कारखानदार आणि गावातला गिरणीवाला एका रांगेत आले. मात्र 25 किलोंहून मोठे पोते करमुक्त! पोत्याने खरेदी करणाऱ्याला सूट, पगार पुरवून पुरवून पाच किलोंची पिशवी नेणाऱ्यावर कर.

बहुतेक राज्यांत 40 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना नोंदणी माफ आहे, असा खुलासा केला जातो. पण माल राज्याबाहेर विकताच ती माफी संपते. बेळगावच्या मसालेवाल्याचे गिऱ्हाईक कोल्हापुरात असते, याची दखल दिल्लीने का घ्यावी?

भेसळीला अभय द्या, असे कोणी म्हणत नाही. तिचे पहिले बळी श्रमिकच असतात. प्रश्न आहे कायदा कोणाला परवडतो याचा. 5 जून 2015 रोजी मॅगीची विक्री थांबवण्याचा आदेश निघाला. नेस्ले कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि 13 ऑगस्टला तो रद्द झाला. कंपनीला बाजू मांडू दिली नव्हती, प्रयोगशाळांना रीतसर मान्यता नव्हती. निकाल रास्तच होता. पण हेच एखाद्या लोणचेवाल्याच्या नमुन्याबाबत घडले, तर तो कोणत्या वकिलाची फी भरणार?

लहान मालक काही संत नव्हे. तोही किमान वेतन बुडवतो, बायकांना नगावर राबवतो. म्हणूनच राखीव यादी पुन्हा लागू करा, छोट्या पिशवीवरचा कर उठवा, जिल्ह्याजिल्ह्यात मान्यताप्राप्त सरकारी प्रयोगशाळा उभारा, या मागण्यांबरोबरच त्या भट्ट्यांवर राबणाऱ्यांच्या किमान वेतनाची मागणीही त्याच निवेदनात, त्याच मोर्चात असली पाहिजे.