रोज पुसली, म्हणूनच बिघडली

या वेळी आधी एक कबुली.

लेकीनं स्वतःच्या कमाईतून पहिली गाडी घेतली, काळ्या रंगाची. पुढे बदली होऊन ती पुण्याला गेली आणि गाडी इंदूरला आमच्याकडे राहिली. "बाबा, जपा हं," एवढंच म्हणाली. मी जपली. रोज सकाळी फिरून आलो की जुनं बनियन झटकायचं आणि गाडी कोरडीच पुसायची, हा नेम. दसऱ्याला पूजेसाठी गाडी उन्हात काढली. सौ. स्वस्तिक काढायला वाकली आणि म्हणाली, "अहो, बॉनेटवर हे कोळ्याचं जाळं कसलं?"

जाळं कुठलं! माझाच हात महिनोन्‌महिने गोल गोल फिरला होता, त्याचे बारीक ओरखडे होते ते.

ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं समजावलं. रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो, केसाहूनही पातळ. धुळीत वाळूचे कण असतात, ते या थरापेक्षा कितीतरी कठीण. म्हणजे मी रोज पॉलिश पेपरच फिरवत होतो. मशीननं ओरखडे घालवता येतात, पण तेव्हा तो थरही थोडा घासला जातो, त्यामुळे हा उपाय वारंवार करायचा नाही. आणि वॅक्स केलंय म्हणून निर्धास्त राहू नये. त्यानं पाणी थेंब होऊन ओघळतं, मळ पटकन चिकटत नाही, पण असल्या घासण्यापुढे त्याचं काही चालत नाही.

आता आठवड्यातून एकदाच धुतो, सावलीत, बॉनेट गार असताना. आधी नुसतं पाणी, वरून खाली, भरपूर. निम्मी धूळ हात न लावताच जाते. मग दोन बादल्या: एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शॅम्पूत. छत आधी, दारांचा खालचा भाग शेवटी, चाकांना वेगळं फडकं. हात सरळ रेषेत, हलका. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्स काढून टाकतो. शेवटी जाड मायक्रोफायबर टॉवेल ठेवून पाणी टिपायचं, रगडायचं नाही. बोअरचं पाणी उन्हात वाळलं तर पांढरे डाग राहतात.

पक्ष्यांची विष्ठा मात्र रविवारची वाट बघत नाही, ती रंग खाते. ओलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवायचं आणि अलगद उचलायचं. रंगपंचमीच्या गुलालावरही आधी पाण्याचा पाइप, हात नंतर. धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका, वाऱ्यानं तेही घासतं. मायक्रोफायबर जमिनीवर पडलं की धुतल्याशिवाय गाडीला लावायचं नाही. धुताना कपडे मऊ करणारं कंडिशनरही नको.

हे सगळं कळल्यावर लेकीला फोन केला. ती क्षणभर गप्प. मग विचारलं, "फक्त बॉनेटवर?"

"नाही गं, सगळीकडे."

पॉलिशचे पैसे मी दिले, तिनं देऊ दिले. दिवाळीत आली तेव्हा गाडीभोवती एक फेरी मारली, बोलली काहीच नाही. खुंटीवरचं बनियन तेवढं काढून पोछ्याच्या बादलीत टाकलं.