संसाराची किंमत : २९,००० पौंड

मुलीनें सासरीं जाण्याचा प्रश्न आमच्या समाजांत आजवर दोन कुलांच्या संमतीनें सुटत असे. आतां त्या बैठकींत तिसरा एक वडीलधारा येऊन बसला आहे. तो म्हणजे परराज्याच्या व्हिसाखात्यांतील अधिकारी. कन्या पुण्याची, वर इंग्लंडांतला, उभयतांचें एकमत, दोन्ही घरचा आशीर्वाद, विवाह-निबंधकाच्या कचेरीचा शिक्का, इतकें सारें जुळून आलें तरी या वडीलधाऱ्याची मान हलेपर्यंत संसारास आरंभ होत नाहीं. त्याच्या या अधिकाराची चिकित्सा करावी असा आमचा प्रस्तुत लेखांत विचार आहे. आणि ती करण्याची निकड आम्हांस इंग्रजांच्या कायद्यापेक्षां आपल्याच लोकांच्या बोलण्यानें अधिक भासली, हें आरंभींच सांगून टाकतों.

प्रसंग असा घडला. आमची एक जुनी विद्यार्थिनी गणित घेऊन पदवीधर झाली व येथेंच एका कनिष्ठ महाविद्यालयांत शिकवूं लागली. तिनें उत्तर इंग्लंडांतील एका लहान गांवच्या शाळेंत शिक्षकाचा मदतनीस म्हणून काम करणाऱ्या तरुणाशीं विवाह केला. विशेष विवाहाच्या कायद्याप्रमाणें तीस दिवसांची नोटीस लागली, ती कचेरीच्या भिंतीवर झळकली, कोणीं हरकत घेतली नाहीं, आणि विवाह पार पडला. नवरा आपल्या नोकरीवर परत गेला, बायको येथें राहिली, त्यास आतां दीड वर्ष होऊन गेलें. दोघांत भांडण नाहीं, कोणास व्यसन नाहीं, डोक्यावर कर्ज नाहीं. अडचण एवढीच कीं, नवऱ्याचें वार्षिक वेतन त्याच्या सरकारनें ठरविलेल्या आंकड्यास पोंचत नाहीं. ही हकीकत आम्हीं एका स्नेह्यांच्या घरीं सांगितली, तेव्हां तेथें जमलेल्या सुशिक्षित मंडळींनीं एकमुखानें निकाल दिला, "बरोबरच आहे सरकारचें. बायको पोसण्याची ऐपत नाहीं त्यानें लग्न करावेंच कशाला? अंथरूण पाहून पाय पसरावेत!"

म्हण जुनी आहे आणि शहाणपणाचीहि आहे. परंतु हें अंथरूण कोणीं कापलें आणि किती हातांचें कापलें, हें पाहिल्यावांचून पाय पसरणाऱ्यास दोष देणें न्यायाचें होणार नाहीं.

ब्रिटनच्या नागरिकानें परदेशी पत्नी किंवा पति स्वदेशीं आणावयाचा असेल तर त्याचें वार्षिक उत्पन्न निदान १८,६०० पौंड असावें, असा नियम ९ जुलै २०१२ रोजीं अंमलांत आला. ब्रिटिश नागरिकत्व नसलेलें मूलहि बरोबर आणावयाचें असल्यास पहिल्यास ३,८०० व पुढील प्रत्येकास २,४०० पौंडांची भर त्यांत पडे. ११ एप्रिल २०२४ रोजीं नव्या अर्जदारांकरितां हीच मर्यादा एकदम २९,००० वर नेण्यांत आली. मुलांची निराळी भर तेवढी वगळली. ती पायरीपायरीनें ३८,७०० पर्यंत चढविण्याचाहि तेव्हांच्या सरकारचा बेत होता. पण २०२४ च्या जुलैमध्यें तेथें राज्यकर्ता पक्ष बदलला आणि पुढची चढण थांबली.

आतां याच राज्याचा दुसरा एक आंकडा पाहूं. त्याच एप्रिल महिन्यांत तेथील प्रौढ कामगाराचें कायदेशीर किमान वेतन ताशीं ११.४४ पौंड ठरलें. आठवड्यास चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एक दिवसहि न चुकतां काम केलें तर त्याची बेरीज २३,७९५ पौंड होते. पुढील वर्षीं हा दर १२.२१ झाला, तरी बेरीज २५,४०० च्या आंतच राहिली. म्हणजे राज्य एका हातानें सांगतें कीं, इतक्या वेतनांत प्रामाणिक मनुष्याचा निर्वाह होतो, म्हणून मालकानें याहून कमी देऊं नये. आणि दुसऱ्या हातानें त्याच मनुष्यास सांगतें कीं, इतक्या वेतनांत तुला तुझी बायको घरीं आणतां येणार नाहीं. त्यानें शेजारच्या गल्लींतील मुलीशीं लग्न केलें असतें तर त्यास पगार विचारण्यास कोणी आलें नसतें. तेव्हां त्याची ऐपत कमी पडली हें म्हणणें पोकळ आहे. ऐपत तीच आहे. बायको परदेशची आहे म्हणून मापाची पायली बदलली आहे.

बरें, त्या पायलींत तरी सर्व धान्य मोजतात काय? तेंहि नाहीं. पत्नी बाहेरून प्रवेशाचा अर्ज करीत असतां तिचा येथील पगार जमेस धरीत नाहींत. तेथें गेल्यावर ती जें मिळवील त्याचीहि गणना होत नाहीं. आमची विद्यार्थिनी गणिताची शिक्षिका आहे, दोन हातांनीं आणि एका चांगल्या डोक्यानें मिळविणारी आहे. परंतु या हिशेबांत ती केवळ एक खाणारें तोंड आहे. "बायको पोसण्याची ऐपत" हे आमच्या स्नेह्यांचे शब्द येथें अगदीं नेमके बसतात, आणि तेच या नियमाचें वर्म आहे. बायको म्हणजे पोसावयाची वस्तु, हा सिद्धांत ज्यांनीं आपल्या मुलींना पदवीधर केलें त्यांच्या तोंडीं शोभत नाहीं.

याच्या उलट, मनुष्य मुळींच कांहीं काम करीत नसला, पण त्याच्या खात्यांत ८८,५०० पौंड सहा महिने पडून असले, तर त्याची वाट मोकळी होते. आळशी वारसदार आंत, कष्टाळू मदतनीस बाहेर! नीतिशास्त्राच्या कोणत्या प्रकरणांत हा निवाडा बसतो तें आमच्या स्नेह्यांनीं सांगावें.

येथें प्रतिपक्षाकडून असें म्हणण्यांत येईल कीं, बाहेरून आलेल्या माणसांचा भार करदात्यांवर पडूं नये एवढाच या नियमाचा हेतु आहे. हेतूविषयीं आमची तक्रार नाहीं. कोणत्याहि राज्यास आपली तिजोरी राखण्याचा अधिकार आहे. परंतु ही तिजोरी आधींच दुसऱ्या कुलुपानें बंद आहे. पत्नी म्हणून प्रवेश मिळालेल्या स्त्रीस सरकारी साहाय्यावर सामान्यतः हक्क सांगतां येत नाहीं, असें तिच्या परवान्यांतच नमूद असतें. शिवाय आरोग्यसेवेसाठीं म्हणून ६ फेब्रुवारी २०२४ पासून दरसाल १,०३५ पौंडांचा निराळा आकार ठरला, आणि पहिल्या तेहेतीस महिन्यांच्या परवान्याबद्दल तो तीन वर्षांचा, म्हणजे ३,१०५ पौंड, अर्जाबरोबरच अगाऊ घेण्याची तजवीज झाली. नोकरी लागल्यावर ती कर भरते तो वेगळाच. जिनें भार घालावयाचा नाहीं असें आधींच लिहून दिलें आणि वर भाडेंहि भरलें, तिला भाराच्या भीतीनें अडविणें म्हणजे दाराला कुलूप घालून वर भिंतहि बांधणें होय.

दुसरा आक्षेप खोट्या विवाहांचा. प्रवेशासाठीं लग्नाचें सोंग आणणारे लोक आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु सोंगाची परीक्षा पगारानें कशी होणार? सोंग आणणाऱ्यास श्रीमंत जोडीदार मिळविणें अवघड नसतें, आणि खऱ्या प्रेमास तो मिळेलच असा नेम नसतो. संशयाच्या या औषधानें पूर्वीं काय काय केलें आहे त्याचाहि इतिहास ताजा आहे. १९७९ च्या जानेवारींत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, आपल्या नियोजित वराशीं विवाह करण्यासाठीं गेलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेच्या कौमार्याची तपासणी झाली. तिचा अपराध एवढाच कीं, ती खरोखर अविवाहित आहे यावर अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना. बातमी फुटली, दोन्ही देशांत गदारोळ झाला, तेव्हां ती प्रथा बंद पडली. त्यानंतर १९८० च्या दशकांत, विवाहाचा मुख्य उद्देश प्रवेश मिळविणें हा नव्हता, असें अर्जदारानेंच सिद्ध करून द्यावें असा नियम गाजला. आपल्या मनांत अमुक एक हेतु नव्हता हें कोणत्या साक्षीदारानें शाबीत करावें? आमच्या उपखंडांतील कित्येक नवरे या एका कोड्यानें वर्षानुवर्षें दाराबाहेर राहिले. १९९७ च्या जूनमध्यें तो नियम रद्द झाला. संशयाची जागा पुढें पगारपत्रकानें घेतली, एवढाच फरक.

न्यायासनांच्या दारांतहि हा प्रश्न अनेकदां गेला आहे, आणि त्या कथा मोठ्या बोधप्रद आहेत. परदेशी बायको आणणें सोपें व परदेशी नवरा आणणें कठीण, असा भेद पूर्वीं तेथें होता. १९८५ सालीं स्ट्रासबर्गच्या मानवी हक्कांच्या न्यायालयानें हा स्त्रियांवरील अन्याय ठरविला. सरकारनें समता आणली खरी. पण नवऱ्यांची वाट सोपी करून नव्हे, बायकांची वाट तितकीच कठीण करून! पुढें १९९२ सालीं सुरिंदर सिंग या भारतीय गृहस्थाच्या प्रकरणांत युरोपीय न्यायालयानें निर्णय दिला कीं, ब्रिटिश पत्नी जर्मनींत नोकरी करून स्वदेशीं परत येत असेल तर तिच्या नवऱ्यास युरोपच्या कायद्यानें तिच्याबरोबर राहतां येईल. त्यामुळें आपल्याच गांवांत जो हक्क मिळत नव्हता तो मिळविण्यासाठीं इंग्रज नागरिक कांहीं महिने परक्या देशांत राहून येऊं लागले. ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडल्यावर तीहि वाट बुजली. शेवटीं २०१७ सालीं त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानें उत्पन्नाची अट तत्त्वतः कायदेशीर ठरविली. मात्र मुलांच्या हिताकडे आणि उत्पन्नाच्या इतर साधनांकडे नियमांनीं पुरेसें लक्ष दिलें नाहीं, असेंहि सुनावलें. आणि निरपराध अशा अनेकांना या अटीनें कष्ट होतात हें न्यायमूर्तींनीं मान्य केलें. कायदेशीर ठरलें म्हणजे न्याय्य ठरलें, अशी समजूत ज्यांची असेल त्यांनीं आमच्याच देशांत कोणकोणते कायदे एके काळीं कायदेशीर होते याची आठवण करावी.

दुष्यंताच्या दरबारांत शकुंतला उभी राहिली तेव्हां तिच्या बोटांत अंगठी नव्हती, आणि अंगठी नाहीं म्हणून पत्नीहि नाहीं असा निवाडा झाला. महाभारतांतल्या मूळ कथेंत शाप नाहीं. तो कालिदासानें घातला. शुद्धीवर असलेला सज्जन राजा आपल्या भार्येस ओळखत नाहीं, हें त्या कवीच्या मनास सोसलें नसावें. आजच्या राजदरबारास शापाची सबब नाहीं. सहा महिन्यांचीं पगारपत्रकें, त्यांशीं ताळा पडणारे बँकेचे उतारे, मालकाचें पत्र, दोघांचीं छायाचित्रें, पत्रव्यवहाराचे नमुने, हीं सारीं आजच्या शकुंतलेनें पुढें ठेवावीं. आणि त्यांतून विवाह अस्सल असल्याचें दिसून आलें तरी आंकडा कमी भरला म्हणून तिला पूर्ण शुद्धीवर, सहीशिक्क्यानिशीं, परत पाठवावें!

परक्यांवर इतकें तोंडसुख घेतल्यावर आपल्या घरांतहि डोकावणें प्राप्त आहे. भारतीय नागरिकाच्या परदेशी पत्नीस वा पतीस नागरिकत्वासाठीं अर्ज करावयाचा तर येथें सात वर्षें राहावें लागतें. परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंद हवी असेल तर विवाहास दोन वर्षें लोटावीं लागतात, आणि पाकिस्तान किंवा बांगलादेश यांच्याशीं पूर्वजांचा संबंध असेल तर तीहि वाट बंद होते. आमच्या कायद्यानें पगाराचा आंकडा विचारला नाहीं, एवढें श्रेय त्यास अवश्य द्यावें. परंतु विशेष विवाहाची ती तीस दिवसांची नोटीस, जिच्यायोगें कोणाहि तिऱ्हाइतास दोघां सज्ञान माणसांच्या विवाहावर हरकत घेतां येते, ती संशयाच्याच कुळांतली आहे. आणि कायद्याचें राहूं द्या. परदेशचें स्थळ सांगून आलें म्हणजे आपल्या घरांत पत्रिकेच्या आधीं काय विचारलें जातें? मुलाचा पगार किती आणि व्हिसा कोणता! परदेशच्या सरकारचें मोजमाप आपणांस इतकें पटतें याचें कारण उघड आहे. तें मोजमाप आपण आपल्या ओसरीवर कधींच लावून ठेविलें आहे.

आमची मागणी फार मोठी नाहीं. राज्यानें खुशाल विवाहाची सत्यता तपासावी. पण पगारास सत्यतेचें प्रमाण मानूं नये. आंकडा ठरवावयाचाच असेल तर तो त्याच राज्याच्या किमान वेतनाच्या वर असूं नये, आणि पतिपत्नी दोघांची मिळकत, बाहेरची असो वा हातीं आलेल्या नेमणुकीची असो, एकत्र धरावी. मुलें असतील तेथें त्यांचें हित आधीं पाहावें. ही मागणी ब्रिटनच्या संसदेपुढें मांडण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, तो तेथील मतदारांस आहे. परंतु आपल्या दिवाणखान्यांत कोणता निवाडा द्यावा हें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.

आमची विद्यार्थिनी रोज रात्रीं साडेनऊच्या सुमारास, म्हणजे तिकडची शाळा सुटल्यावर, नवऱ्याशीं दूरध्वनीवर बोलते. दीड वर्षाचा संसार तिनें असा तासातासानें केला आहे. यंदा त्याचें वेतन थोडें वाढलें. तरी आंकड्यास अजून कमीच पडतें. तिच्या वडिलांना भेटावयास येणारी मंडळी चहा घेतां घेतां "बरोबरच आहे सरकारचें" असें म्हणून जातात, आणि तीं अक्षरें आंतल्या खोलींत तिला ऐकूं येतात. नियम बदलणें आपल्या हातीं नसेल; निदान तें वाक्य तरी आपण तिच्या घरीं उच्चारूं नये.