‘अस्फाल्ट’ : गणवेश आणि माणूस

मूकपटाला शब्दांचा आधार नसतो, एवढ्याच कारणावरून त्याला साहित्यविचाराच्या कक्षेबाहेर ठेवणे योग्य नव्हे. कथनाचे तर्कशास्त्र आणि वस्तूंची प्रतीकात्मता यांचा विचार करणाऱ्या समीक्षेला जो माय यांचा ‘अस्फाल्ट’ (१९२९) हा जर्मन मूकपट उत्तम संहिता म्हणून हाताळता येतो.

बर्लिनमधील तरुण पोलीस होल्क हिरा चोरणाऱ्या एल्झेला पकडतो आणि तिच्याच मोहात सापडतो. चोरीचा हिरा छत्रीच्या टोकात दडवलेला असतो. होल्कचे तिच्या घरी राहिलेले ओळखपत्र ती सिगारच्या भेटीसह परत पाठवते. शब्दांऐवजी अशा वस्तूच येथे कथानक पुढे नेतात. एल्झेच्या प्रियकराशी झालेल्या झटापटीत होल्कच्या हातून त्याचा मृत्यू होतो. होल्क घरी येऊन कबुली देतो, तेव्हा पोलीस खात्यातीलच त्याचे वडील आपला गणवेश चढवतात आणि मुलाला कायद्याच्या स्वाधीन करतात. कर्तव्य आणि वात्सल्य यांचे द्वंद्व एवढ्या एका कृतीत सामावते. कोणत्याही स्वगताने ते अधिक तीव्र झाले नसते.

मराठी वाचकाला येथे प्रभातचा ‘माणूस’ (१९३९) आठवणे स्वाभाविक आहे. व्ही. शांताराम यांच्या या बोलपटात गणपत हा पोलीस वेश्याव्यवसायातील मैनेवर प्रेम करतो. त्याचे संवाद अनंत काणेकरांचे आहेत. मात्र साम्य दिसताच प्रभावाचा शोध सुरू करणे हे तौलनिक अभ्यासाचे सुलभीकरण होय. भेदच अधिक बोलका आहे. ‘अस्फाल्ट’मध्ये घराचा उंबरठा वडिलांच्या रूपाने कायदा राखतो, ‘माणूस’मध्ये तो आईच्या भाविकतेच्या रूपाने धर्मसंस्कार राखतात.

तरीही दोन्ही कथांचा शेवट एका अस्वस्थ करणाऱ्या बिंदूवर येतो. एल्झे सत्य सांगून होल्कला वाचवते आणि स्वतः तुरुंगात जाते. मैनेच्या वाट्यालाही मामाच्या हत्येनंतर कारावासच येतो. पुरुषाचा गणवेश शाबूत राहतो, त्याची किंमत स्त्री मोजते. या शेवटाला ‘उदात्त त्याग’ म्हणून गौरवणे म्हणजे कथेतील विषमता झाकणे होय. अर्थात, ज्या स्त्रीच्या प्रत्येक शब्दाकडे आधी संशयाने पाहिले गेले, तिच्याच साक्षीवर न्याय अवलंबून राहावा, हा ‘अस्फाल्ट’मधील विपर्यास नाकारता येत नाही. तिच्या कबुलीला तिच्या स्वातंत्र्याची कृती मानायचे की व्यवस्थेने घडवून आणलेली शरणागती, हा प्रश्न समीक्षेने खुला ठेवला पाहिजे. प्रेमकथेच्या गोड शेवटात तो विरू देता कामा नये.